मुकादम वाचायला लागला

लाँड्रीत त्याला सगळे मुकादमच म्हणायचे. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. विसाव्या वर्षी तो इथं मळक्या चादरींच्या गाड्या ढकलायला लागला, आणि सव्वीस वर्षांत गाड्यांवरून धुलाईच्या यंत्रांवर, तिथून बॉयलरवर आणि तिथून मुकादमाच्या खुर्चीवर आला. खुर्ची नावालाच, तो बसलेला कुणी पाहिला नव्हता. चार इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेचे हिरवे अंगरखे सकाळी सातला यायचे, आणि दुपारी चारच्या आत कडक घड्या होऊन परत जायला लागायचे. हाताखाली बावीस माणसं. त्यांना हाकायला त्याच्याजवळ एकच हत्यार होतं, त्याचा आवाज. यंत्रांच्या खडखडाटावर चढणारा तो आवाज ऐकून नवीन आलेल्या पोरींची पाचावर धारण बसायची.

दालनाच्या मधोमध मोठी रोलर-इस्त्री होती. दोन बायका समोर उभ्या राहून ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, पलीकडून ती वाळून, इस्त्री होऊन निघायची. रोलरच्या तोंडाशी बोटांच्या उंचीवर एक पोलादी पट्टी होती. हात चुकून पुढं गेला की पट्टीला लागायचा आणि यंत्र जागच्या जागी थांबायचं. पण पट्टी जुनी झाली होती. चादरीचा काठ घासला तरी यंत्र थांबायचं. दिवसातून दहा-बारा वेळा थांबायला लागलं तेव्हा मुकादमानं वरच्या साहेबांना दोनदा लिहून दिलं. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." मग एका सकाळी त्यानं तारेचा तुकडा आणला आणि पट्टी वर उचलून बांधून टाकली. दोन दिवसांपुरती. दोन दिवसांचे पाच आठवडे झाले.

रोलरवर डाव्या बाजूला उभी राहायची ती थोरली. पाळीत सगळ्यांत वयानं मोठी म्हणून थोरली. अठ्ठावन्नची, एकटी, जिभेला धार असलेली बाई. मुकादम गाडी ढकलत आला होता त्या दिवशी चादरीची घडी कशी घालायची हे तिनंच त्याला शिकवलं होतं. त्यामुळं अख्ख्या दालनात त्याला अरे-तुरे करणारी ती एकटीच. तार बघून ती म्हणाली होती, "ही काढ. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत."

"थोरली, तुम्ही इस्त्री डोळ्यांनी करता की हातांनी?" तो म्हणाला होता, आणि सगळे हसले होते. तीही हसली होती.

मंगळवारी साडेदहाला मोठ्या इस्पितळातून फोन आला. अपघाताचे रुग्ण आले होते, चादरी लगेच हव्या होत्या. मुकादम दालनात येऊन ओरडला, "हात चालवा! हात आहेत की लाकडं?" दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि त्याच्या आवाजावर दुसरा आवाज चढला.

थोरलीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तळहात भाजला. कुणीतरी लाल बटण दाबलं, कुणीतरी ओला टॉवेल आणला, चौघांनी तिला उचलून बाहेर गाडीकडं नेलं आणि उरलेले सगळे त्यांच्यामागं धावले. दालन रिकामं झालं. यंत्राजवळ मुकादम एकटा उरला. त्याच्या खिशात पक्कड होती. त्यानं तार कापली, पट्टी खाली आणली, तार खिशात घातली. हातात काम असलं की डोकं लागत नाही, तसं ते झालं. मग तोही बाहेर धावला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "पट्टी जागेवर होती?"

"होती," मुकादम म्हणाला.

थोरलीनं इस्पितळातल्या खाटेवरून सांगितलं, पट्टी तारेनं बांधली होती. बाकीच्यांना साहेबांनी एकेक करून बोलावलं, आणि मुकादम त्या वेळी तिथंच कोपऱ्यात उभा होता. "लक्ष नव्हतं." "आठवत नाही." "माझं तोंड पलीकडं होतं." एकवीसपैकी एकानंही तार पाहिली नव्हती. उजव्या बाजूला उभी राहणारी बाई मात्र उत्तर देताना साहेबांकडं न बघता मुकादमाकडं बघत होती. चौथ्या दिवशी कागद निघाला, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. थोरलीला कामावरून कमी केलं.

त्याच रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकांनी मंडळीपुढं त्याचं नाव वाचलं. मंडळी लहानशी होती, साठेक माणसांची, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक वारल्यामुळं त्यांच्या जागी नवा वडील नेमायचा होता. महिन्यापूर्वीच ठरलं होतं. लोकांनी मागं वळून बघितलं, कुणी हसलं, बायकोनं त्याच्या कोपराला हात लावला. त्याला उभं राहून नाही म्हणायचं होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी लायक नाही." लोकांना ती नम्रता वाटली. अख्खी मंडळी खूश झाली.

पाळक पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. एका कानानं कमी ऐकू येत असल्यामुळं समोरच्याचं बोलणं ते मान तिरकी करून ऐकायचे, आणि त्यामुळं बोलणाऱ्याला उगीचच आपण काही शहाण्यासारखं बोलतोय असं वाटायचं. त्यांचा एक नेम होता. नव्या वडिलानं आधी वर्षभर वाचायचं, मग त्याच्यावर हात ठेवून, प्रार्थना करून त्याला नेमायचं, तोवर नाही.

"मला वाचायची सवय नाही," मुकादम म्हणाला.

"मलाही पोहण्याची नाही. पण मी कुणाला बुडताना वाचवायला निघालेलो नाही. तुम्ही लोकांना पुढं नेणार आहात." त्यांनी कपाट उघडलं. "पवित्र शास्त्र रोज वाचायचंच, ते जेवण आहे. पण एवढ्यावर भागवू नका. खलाशांनी लिहिलेलं वाचा, डॉक्टरांनी लिहिलेलं वाचा. इतिहास वाचा. आपल्याशी ज्याचं पटत नाही त्याचं तर आधी वाचा. ही सगळी दुनिया देवबापाची आहे ना? मग तिच्याविषयी अडाणी राहून त्याची सेवा कशी करणार? दर बुधवारी संध्याकाळी आपण सातआठ जण बसतो. तिथं येऊन वाचलेलं सांगायचं."

आणि मुकादम वाचायला लागला. पहिलं पुस्तक एका जहाजाच्या कप्तानानं लिहिलेलं होतं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत तो वाचायचा. पहिल्या वीस पानांना नऊ दिवस लागले. पण चाळिसाव्या पानावर कप्तानाच्या चुकीनं एक खलाशी पाण्यात पडला, आणि तिथून पुढं मुकादमाला पुस्तक खाली ठेववेना. कप्तानाचं पुढं काय झालं? त्यानं सांगितलं का? लपवलं का? लपवूनही पुढं तो चांगला कप्तान झाला का?

कप्तानानं सांगितलं होतं. मुकादमानं पुस्तक मिटलं आणि दुसरं मागितलं.

तो का वाचत होता, हे त्याचं त्यालाच माहीत होतं. एखादं तरी पुस्तक असेल, ज्यात असाच एक माणूस असेल आणि लेखक म्हणेल, जाऊ दे, तुझा इलाज नव्हता, वरचा साहेब ऐकत नव्हता, इस्पितळात रुग्ण खोळंबले होते. ती एक ओळ त्याला हवी होती. त्यानं पूल कोसळल्याची हकिकत वाचली. तुरुंगातून एका भक्तानं बहिणीला लिहिलेली पत्रं वाचली. एका शल्यविशारदाचं हाताविषयीचं पुस्तक वाचलं. बोटाला वाकवणारी दोरी कोपराजवळून निघते हे वाचून त्यानं आपली मूठ उघडून-मिटून बघितली, आणि मग त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. राजे वाचले, सेनापती वाचले, एका देशात दुष्काळ पडला तेव्हा कुणी धान्य दडवलं ते वाचलं. एका प्रकरणात वाटायचं, मिळाली. पान उलटलं की ओळ हातातून निसटायची.

जेवणाच्या सुट्टीत धुतलेल्या कांबळ्यांच्या चळतीला टेकून तो वाचत बसायचा. पोरांनी त्याचं नाव पंडित ठेवलं. "पंडित, आज गनिमाला कुठं गाठलंत?" कुणीतरी विचारायचं, आणि तो सांगायचाही. सांगता सांगता लोक जवळ येऊन बसायला लागले.

आणि त्याचा आवाज उतरला. ठरवून नाही. वीस पुस्तकांत वीस माणसांच्या डोक्यात शिरून आल्यावर समोरच्या माणसावर ओरडताना त्याला मध्येच थांबायला व्हायचं. ह्याच्याही डोक्यात काहीतरी चाललं असणार. बॉयलरवाल्याची आई आजारी आहे हे त्याला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. गाडी ढकलणाऱ्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून तो हाकेला ओ देत नाही, हे कळलं. कामाची गती उलट वाढली. साहेब खाली येऊन म्हणाले, "मुकादम, तुम्ही तर अगदी बदललात. काय खाता?" सगळे हसले. रोलरवर उजव्या बाजूला उभी राहणारी बाई हसली नाही.

लोक चांगलं म्हणायचे तेव्हा तो काहीतरी काम काढून तिथून सरकायचा. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटायचं. तो खरंच सुधारत होता, हीच पंचाईत होती. खोट्याच्या पायावर एकेक वीट नीट, ओळंब्यात बसत चालली होती, आणि घर जितकं उंच होईल तितकं ते पाडणं अवघड होत होतं.

सहाव्या महिन्यात पाळकांनी त्याला बुधवारी बोलायला उभं केलं. विषय होता, पुढारी म्हणजे सेवक. त्यानं कप्तानाची गोष्ट सांगितली, दुष्काळातल्या त्या अधिकाऱ्याची सांगितली, आणि प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तिथवर आला तेव्हा एक निवृत्त शिक्षिका डोळे पुसायला लागल्या. "किती आतून बोललात," त्या म्हणाल्या. मुकादम मागच्या दारानं बाहेर गेला आणि पुन्हा आत आला नाही.

प्रार्थना तर केव्हाच बंद पडली होती. लोकांसमोर तोंडानं शब्द यायचे, ते वेगळं. एकटा असला आणि "हे देवबापा" म्हटलं की पुढं काही सुचायचं नाही. प्रभुभोजनाचा प्याला समोर आला की तो शेजाऱ्याकडं सरकवायचा. शेजारी बायकोच बसायची, म्हणून बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

बायकोच्या आलं होतं. ती घरी कपडे शिवायची. तिचं यंत्र खिडकीशी होतं आणि त्याची पुस्तकं तिच्या कापडांच्या ढिगाशेजारी. एका रविवारी दुपारी तिनं शिलाई यंत्राचा पायटा थांबवला.

"अहो, एक विचारू? तुम्ही वाचता की लपता?"

त्यानं पान उलटलं.

"लग्नाला बावीस वर्षं झाली. वर्तमानपत्रसुद्धा मी वाचून दाखवायची. आता मी ताट वाढलं म्हटलं तरी तुम्हाला ऐकू येत नाही. काय आहे त्या पुस्तकांत?"

मग त्यानं सांगितलं. तारेपासून सांगितलं, पकडीपर्यंत. सांगताना तो तिच्याकडं न बघता यंत्राच्या सुईकडं बघत होता. हातातलं बाहीचं कापड तिनं चार वेळा घडी घातलं, चार वेळा उलगडलं.

"तिला घरी बसून किती महिने झाले?"

"सात."

"आणि त्या बाकीच्या सगळ्यांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना. माझ्या भीतीनं बोलले नाहीत." हे तोंडून निघालं तेव्हाच त्याला त्याचा अर्थ लागला. बोटं एकीची गेली होती, पण खोटं त्यानं एकवीस जणांच्या तोंडात घातलं होतं. बुधवारी पुढारीपणावर बोलणाऱ्या माणसानं लोकांना आजवर नेलं ते एवढ्या एकाच ठिकाणी.

"सांगितलं तर नोकरी जाईल," बायको म्हणाली.

"जाईल."

"जाऊ दे, असं मी म्हणणार नाही. माझ्याच्यानं म्हणवणार नाही." तिनं बाहीचं कापड खाली ठेवलं. "पण माझ्यासाठी थांबलो असंही उद्या मला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो पाळकांकडं गेला. पाळकांनी मान तिरकी करून सगळं ऐकलं, आणि या वेळी त्याला आपण शहाण्यासारखं बोलतोय असं मुळीच वाटलं नाही. त्याची अपेक्षा होती, ते क्षमेचं काही बोलतील.

"मला सांगितलंत, बरं झालं," पाळक म्हणाले. "पण बोटं माझी नव्हती."

"तुम्ही प्रार्थना करा माझ्यासाठी."

"करीन. तुम्ही जाऊन आल्यावर करीन. आत्ता केली तर तुम्ही हलके होऊन घरी जाल." त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचाही चेहरा उतरला होता. "माझंही चुकलं. तुम्ही धडाधड वाचताय, सुंदर बोलताय, एवढ्यावर मी खूश झालो. तुम्हाला झोप लागते का, हे एकदाही विचारलं नाही."

थोरली दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. दार उघडायला तिला वेळ लागला. डाव्या हातानं कडी काढायची सवय अजून नीट झाली नव्हती. त्याला बघून ती बाजूला झाली नाही, तशीच चौकटीत उभी राहिली. उजवा हात पदराखाली होता.

"पंडित झालास म्हणे," ती म्हणाली.

"थोरली, मी सांगायला आलोय. तार मी बांधली होती. आणि तुम्हाला नेलं तेव्हा मीच कापली."

"मला काय नवीन सांगतोस? बांधलीस तेव्हा मी तिथंच होते."

वाटेत येताना त्यानं जुळवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. सात महिने त्यानं किती वाचलं, त्या कप्तानाची गोष्ट, पुलाची गोष्ट, आणि शेवटी त्याला कसं कळून चुकलं की...

"थांब," ती म्हणाली. "पुस्तकात वाचलंस म्हणून आलास? तीस पुस्तकं लागली तुला?" तिनं पदर बाजूला केला आणि हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "हे एक पान होतं. हे वाचायला सात महिने लागले?"

तो खाली बघत राहिला.

"वर बघ. मी काय म्हटलं, वर बघ."

त्यानं बघितलं. करंगळी आणि अंगठा होता. मधली कातडी गुलाबी, ताणलेली होती. शल्यविशारदाच्या पुस्तकात असलं चित्र नव्हतं.

"मला शेजारणी विचारतात, लक्ष कुठं होतं गं तुझं? छत्तीस वर्षं त्या दालनात काढली मी. एक चादर करपू दिली नाही. आणि कागदावर काय, तर निष्काळजी." ती आत वळली, तो मागोमाग गेला; तिनं एक वही आणि पेन काढून टेबलावर आपटलं. "बोलू नकोस. लिही."

तो बसला आणि लिहिलं. तिनं वही उचलली नाही. "वाच. मोठ्यानं."

"सदर यंत्राची सुरक्षापट्टी तारेनं बांधण्यात आली होती..."

"बांधण्यात आली होती? कुणी बांधली? देवदूतांनी?"

त्यानं खोडलं. पट्टी मी बांधली, असं लिहिलं.

"पुढं."

"अपघातानंतर सदर तार काढून टाकण्यात..."

ती नुसती बघत राहिली. त्यानं तेही खोडलं. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा कागदावर साध्या नऊ ओळी राहिल्या आणि प्रत्येक ओळीत मी होता. इतकं वाचून इतकी अवघड नऊ वाक्यं त्याच्या डोळ्यांखालून गेली नव्हती.

"आता जा," थोरली म्हणाली.

"थोरली, मला..."

"क्षमा मागू नकोस. मागितलीस तर मला द्यावी लागेल, आणि माझ्याजवळ ती नाही." दार लागलं.

साहेबांनी कागद वाचला आणि पालथा ठेवला. प्रकरण मिटलंय, म्हणाले; उकरून कुणाचं भलं होणार, म्हणाले; तुमच्यासारखा सुधारलेला मुकादम आम्हाला घालवायचा नाही. मुकादम म्हणाला, त्याची एक प्रत त्यानं कारखान्याच्या निरीक्षकांकडं दिली आहे. साहेबांचा चेहरा पडला. "एवढं वाचून हीच अक्कल आली?"

"हो," मुकादम म्हणाला.

निरीक्षक आले. या वेळी माणसांना बोलावलं तेव्हा कोपऱ्यात मुकादम नव्हता. पहिली बोलली ती उजव्या बाजूची बाई, आणि तिच्यामागून बाकीच्यांना तोंड फुटलं. दोन महिन्यांनी नवा कागद निघाला. थोरलीच्या नावापुढचा निष्काळजीपणा खोडला गेला, तिचा भरपाईचा हक्क मान्य झाला. रोलरला नवी पट्टी बसली. साहेबांची बदली झाली. मुकादमाला त्याआधीच काढलं होतं. निरोप द्यायला कुणी फाटकापर्यंत आलं नाही. त्याची तक्रार नव्हती. त्यांच्या जागी आपण असतो तर आलो असतो का, याचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

मंडळीपुढंही त्यानं उभं राहून सांगितलं. निवृत्त शिक्षिका भर उपासनेतून उठून गेल्या. वडीलजनांच्या यादीतून त्याचं नाव निघालं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण बाकावर त्याच्या आणि पलीकडच्या माणसाच्या मध्ये दोन माणसांची जागा राहायला लागली. त्याला वाटलं होतं, खरं बोलल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. फक्त आता तो सगळ्यांना दिसत होता. पाच महिने तो कामासाठी वणवण फिरला. जिथं जाई तिथं आधीच्या ठिकाणाहून चौकशी व्हायची. या दिवसांत त्यानं एकही पुस्तक उघडलं नाही. एका सकाळी त्यानं सगळी पुस्तकं दोरीनं बांधली आणि पाळकांच्या दारात नेऊन ठेवली.

"ही परत घ्या. मला वाचून काही उपयोग झाला नाही."

पाळकांनी गठ्ठा उचलायचा प्रयत्न केला, त्यांना तो उचलवला नाही. "उपयोग कुणाला व्हायला हवा होता?" ते म्हणाले. मग दाराशीच ठेवलेल्या खुर्चीवर बसले. त्यांचा श्वास लागला होता. महिन्याभरात ते फारच खंगले होते. "बुधवारी या. मला डॉक्टरांनी घरातच बसायला सांगितलंय. आपलं वाचनमंडळ तुम्ही चालवा."

"मी? मला वडील म्हणूनसुद्धा..."

"नाही ना? मग तुम्हाला तिथं गमवायला काही नाही. असाच माणूस हवाय मला. आणि खोटं बोलू नका, वाचायची भूक मेलेली नाही तुमची. त्या गठ्ठ्यातलं एक तुम्ही मागं ठेवलंय. मी मोजलीत."

मागं ठेवलं होतं खरं. देव न मानणाऱ्या एका माणसाचं पुस्तक होतं ते. मुकादमाचं त्याच्याशी पूर्वी पानापानावर भांडण झालं होतं आणि ते अर्धवट सोडवत नव्हतं.

पुढं त्याला बस धुण्याचं काम मिळालं. आगारात रबरी बूट घालून दिवसभर बसगाड्यांच्या अंगावर पाणी मारायचं. तिथं तो कुणाचा मुकादम नव्हता. हाताखाली माणसं नव्हती, आवाज चढवायची वेळ येत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तो बसच्या पायरीवर बसून वाचायचा. बोटं ओली असायची, पानं फुगायची.

पहिल्या बुधवारी तिघंच आले. तो, बायको, आणि मंडळीत नवीन आलेला एक वेल्डर, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुकादमानं त्याला आधी सगळं सांगितलं, नऊ ओळींत. वेल्डर उठून गेला नाही.

"सुरुवातीला प्रार्थना करायची असते," मुकादम म्हणाला. "मला अजून जमत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी करा."

वेल्डरनं नकारार्थी मान हलवली. मग बायकोनं डोळे मिटले.

"देवबापा," ती म्हणाली, "थोरलीच्या हाताला गारठ्यात कळ येते. नसलेल्या बोटांना खाज सुटते, मग तिला रडू येतं. परवा तिनं डाव्या हातानं पहिल्यांदा नीट सही केली. तिला ही थंडी सोपी जाऊ दे. आणि आम्हाला..." इथं ती अडली. "आम्हाला तू बघतोच आहेस. आमेन."

मुकादमानं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. ती थोरलीकडं जात होती हे त्याला माहीतच नव्हतं. केव्हापासून, किती वेळा, तिथं दोघी काय बोलतात, त्याच्याविषयी काही बोलतात का, हे सगळं त्याला विचारायचं होतं. तिनं मान हलवून त्याला थांबवलं आणि टेबलावरचं पुस्तक त्याच्याकडं सरकवलं.

"वाचा," ती म्हणाली. "आम्ही ऐकतोय."

त्यानं ओळीखाली बोट ठेवलं. दुसऱ्याच वाक्याला तो अडखळला, मागं गेला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.